पहाटेचा एकांत, नळाचं पाणी आणि मी: तुम्ही देवासाठी निवांत वेळ कधी काढता?

शाहूपुरीची_सून | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

लग्नाआधी मिरजेला होस्टेलवर होते तेव्हा रोज पहाटे अर्धा तास एकांतात बसायचे. शास्त्रवाचन (म्हणजे बायबल), थोडं मनन, वहीत दोन ओळी, मग प्रार्थना. ती वही अजून कपाटात आहे. आता लग्नाला अकरा वर्षं झाली. पोरं दोन, नोकरी बँकेत, सासूबाईंचे गुडघे. इथं कोल्हापुरात आमच्या गल्लीत पाणी पहाटे पाचला येतं आणि पावणेसहाला जातं, तेही मोटर लावली तरच वर चढतं. म्हणजे जो वेळ देवाचा होता तो आता मोटरचा. त्यानंतर डबे, रिक्षाकाका, सासूबाईंचा शेक, आणि साडेनऊला मी काउंटरवर. रात्री घरची प्रार्थना होते, ती सासरे चालवतात आणि एकदाही चुकवत नाहीत. पण डोळे मिटले की मला आठवतं, दूध विरजायचं राहिलं.

काल चर्चच्या उपासनेत संदेश होता, दिवसाचं प्रथमफळ, म्हणजे पहिला वेळ, देवाला द्या. ज्याला पंधरा मिनिटं मिळत नाहीत त्याने स्वतःला तपासावं, असं पाळकसाहेब म्हणाले. मी मागच्या बाकावर धाकट्याच्या तोंडात बिस्किट कोंबत होते. अपराधी वाटलं, आणि रागही आला. राग नक्की कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

सध्या माझी मनापासूनची प्रार्थना होते ती कावळा नाक्याच्या सिग्नलला, गाडीवर, हेल्मेटच्या आत. ती धरायची का? तुम्ही कधी, कुठे बसता? खरं सांगा हं. चर्चमध्ये देतात तशी साक्ष नको.

तांबडा_पांढरा

कावळा नाक्याच्या सिग्नलला तर आमच्यासारखी देव न मानणारी माणसंही प्रार्थना करतात. मागनं केएमटीची बस येत असते.

उद्यमनगरी

ताई, साक्ष देत नाही, रडगाणं देतो.

मी फौंड्रीत आहे. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. मला कुणी पहाटेची प्रार्थना म्हटलं की विचारावंसं वाटतं, कुठली पहाट? रात्रपाळीत माझी पहाट म्हणजे भट्टीसमोर घामाघूम आणि डोळ्यांत वाळू. घरी येऊन झोपतो तर शेजारच्यांची बोअरिंगची गाडी सुरू.

पण एक जागा सापडली आहे. भट्टीत माल टाकला की तो वितळेपर्यंत हातात थोडा वेळ असतो. पोरं तंबाखू मळतात, मी पलीकडे पॅटर्नच्या मांडणीमागं जाऊन बसतो. डब्याच्या पिशवीत छोटा नवा करार असतो. पानांना काळ्या बोटांचे ठसे उठलेत. पहिलं पुस्तक मत्तय सगळ्यात काळा. शेवटचं प्रकटीकरण अजून दुकानातून आणल्यासारखं पांढरंशुभ्र आहे, त्यावरनं माझी प्रगती ओळखा.

डहाळी

मत्तय सगळ्यात काळा 😄😄 दादा, हे भारी होतं.

वचनधारी

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ही सगळी निमित्तं आहेत. मोबाईलला वेळ मिळतो, मालिकेला मिळतो, लग्नाच्या खरेदीला महाद्वार रोडवर अख्खा दिवस मिळतो, फक्त प्रभूला मिळत नाही. प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला, मार्क १:३५. चार वाजता उठा. पाणी पाचला येतं ना?

शाहूपुरीची_सून

वचनधारीदादा, रात्री झोपायला पावणेबारा होतात. चारला उठून बघितलं, सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी काउंटरवर एका आजोबांना पाचशेच्या दोन नोटा जास्त दिल्या. आजोबा परत घेऊन आले म्हणून वाचले. मालिका माझ्या सासूबाई बघतात, मी नुसती ऐकते, भांडी घासताना.

पाळकाचा_पोरगा

वचनधारी, मार्क १:३५ सगळे सांगतात. ३६ आणि ३७ कुणी वाचत नाही. शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत तिथं पोचले आणि म्हणाले, सगळे तुझा शोध करताहेत. म्हणजे खुद्द प्रभूच्या एकांतातही माणसं दार वाजवत आलीच. पुढं सहाव्या अध्यायात तो शिष्यांना म्हणतो, चला, निवांत जागी जाऊन जरा विसावा घ्या, तर लोक पायी धावत त्यांच्याआधी तिथं हजर.

आता जरा कडू बोलतो. मी पाळकाच्या घरात वाढलो. बाबा रोज साडेचारला उठून पुढच्या खोलीत बसायचे, तासभर. आम्हा तिघांना सक्त ताकीद असायची, आवाज नाही. आई चुलीपाशी फुंकणीसुद्धा हळू मारायची. स्टोव्ह आला तेव्हा त्याचा आवाज नको म्हणून तो मागच्या पडवीत गेला, आणि थंडीत आईही पडवीत गेली. बाबांच्या संदेशात त्या पहाटेच्या तासाचा उल्लेख हमखास यायचा, आणि मंडळीतले लोक म्हणायचे, काय प्रार्थनेचा माणूस!

होतेच. नाही म्हणत नाही. पण बाबांचा एकांत आई राखायची. आईचा कुणी राखला? ती कधी बसायची, खरंच बसायची का, मला आठवत नाही. तिच्या मातीच्या दिवशी सगळे तिच्या सेवेबद्दल बोलले. मी मनात हाच हिशोब करत बसलो होतो.

त्यामुळे ताई, तुमचा राग कुणाचा ते मला थोडं कळतंय.

मूक_वाचक

हा प्रतिसाद दोनदा वाचला.

जुनी_सिस्टर

बाळ (पाळकाच्या पोरा, तुलाच म्हणतेय), तुझं वाचून मलाही गलबलून आलं. पण त्यातून सगळ्यांना सुट्टी देऊ नकोस. ३७ खरं आहे. तरी ३५ झालं होतं म्हणून ३७ ला शोधत यावं लागलं ना? आधी उठून गेला होता तो.

मी छत्तीस वर्षं नर्सिंग केलं. मिरजेत शिकले, निम्मी नोकरी कोल्हापुरात. ड्युटी बदलताना वॉर्डात उभ्यानं प्रार्थना व्हायची, सगळ्या पेशंटांसकट. मग बारा तास धावपळ. मीही सुनबाईसारखंच करायची. सलाईन लावताना प्रभू सांभाळ, ऑपरेशन थिएटरचं दार ढकलताना प्रभू हात दे. त्याला मी कधीच कमी लेखणार नाही, कितीतरी रात्री तेवढ्यावर निभावल्या. पण दहाएक वर्षांनी लक्षात आलं, मी देवाला फक्त हाका मारतेय, त्याच्याजवळ बसत नाहीये. सिग्नलवरची प्रार्थना म्हणजे उभ्या उभ्या खाल्लेलं भडंग, गं. भूक मरते, पण जेवण होत नाही. आणि रोज भडंगच खाल्लं की जेवायची इच्छाही मरते, तो खरा धोका.

मग मी काय केलं ते सांगते. घरी आल्यावर युनिफॉर्म बदलायच्या आधी खाटेच्या कडेला बसायचं. एकदा बदलला की घर चालू. पर्स दाराला अडकवलेली, बूट पायात, आणि एक स्तोत्र. स्तोत्रसंहितेत दीडशे आहेत. ११७ वं दोनच वचनांचं आहे. ११९ वं १७६ वचनांचं, ते एका बैठकीत करायच्या भानगडीत पडू नका, मी पडले होते, बूट घालूनच झोपले. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकापासून तर अजिबात सुरुवात करू नका. निम्मी मंडळी तिथंच गारद होतात.

उद्यमनगरी

लेवीय नाही सिस्टर, मी त्याच्या पुढच्या गणना पुस्तकात गारद झालो. जनगणनेच्या याद्या लागल्या आणि भट्टी तयार झाली.

डहाळी

माझं वेगळंच. मी ॲपवर वर्षाची योजना लावली होती. अख्ख्या शास्त्रात ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. स्ट्रीक १४३ दिवसांवर होती. सेमिस्टरच्या आदल्या रात्री चुकली आणि मी अक्षरशः रडले. आई म्हणाली, देवासाठी रडतेस का त्या आकड्यासाठी? उत्तर देता आलं नाही. शेवटी शेवटी तर मी बारा वाजायला पाच कमी असताना तीन अध्याय नुसते सरकवत होते, डोळा दुसऱ्याच ग्रुपवर.

आता कागदाचं शास्त्र आणि नीतिसूत्रे. एकतीस अध्याय आहेत, आज तारीख जी असेल तो अध्याय. चुकला तर चुकला, उद्याची तारीख उद्या येतेच. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत. उशाला असला की वचन वाचता वाचता रील कधी लागतं कळत नाही.

जपमाळ

मी कॅथोलिक आहे, चालेल ना इथे? 🙂

तुमच्या सगळ्यांचं वाचून एक गोष्ट खटकली. प्रत्येकाला वाटतंय की निवांत वेळ म्हणजे स्वतःच्या मनातून नवीन शब्द काढायचे. दमलेल्या माणसाकडे शब्द कुठून येणार? मी रोज एसटीनं गडहिंग्लजला जाते-येते. जपमाळ ओढणीखाली धरते. प्रणाम मरीये, प्रणाम मरीये, बोट सरकत राहतं. कधी मन लागतं, कधी खिडकीबाहेर ऊस बघत बसतं, पण बोटं थांबत नाहीत. आई गेली त्या आठवड्यात माझ्याकडे एकही शब्द नव्हता. ते उसने शब्दच कामी आले.

वचनधारी

पाठ केलेलं म्हणत राहणं म्हणजे पोपटपंची. मन कुठे असतं त्यात?

जपमाळ

प्रभूची प्रार्थना तुम्ही दर रविवारी पाठच म्हणता की, दादा. का वाचून म्हणता?

तांबडा_पांढरा

आऊट! 🏏

रंकाळ्यावर

मला एका जागी बसून प्रार्थना येतच नाही, पाठ दुखते आणि डुलकी लागते. साठी उलटली. रोज साडेपाचला रंकाळ्याला फेरी मारतो आणि चालता चालता बोलतो. आधी लोक वळून बघायचे, म्हातारा एकटाच बडबडतोय. नातवानं तोडगा काढला, कानात हेडफोन घालून दिला. तो कशालाच जोडलेला नाही. आता सगळ्यांना वाटतं आजोबा फोनवर आहेत. परवा एक ओळखीचे हात करून म्हणाले, चालू दे चालू दे, नंतर बोलू!

परत येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध. तो भाग प्रार्थनेत धरायचा का, ते पाळकसाहेबांना अजून विचारलेलं नाही.

उद्यमनगरी

काका, ते तर प्रभूभोजनानंतरचं सहभोजन. 😄

इतिहासाचा_किडा

अवांतर होतंय, पण राहवत नाही, कारण गोष्ट आपल्या गावची आहे.

वाईल्डर मेमोरियल चर्च सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या नावाचं ते आहे ते मिशनरी रॉयल वाईल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट, जन्म १८६३, इथंच कोल्हापुरात. पुढं वडिलांच्या प्रकृतीमुळं कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला राहिलं. तिथं रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस रात्री एकत्र प्रार्थनेला बसायचे. मागणं एकच, विद्यार्थ्यांमधून मिशनसाठी माणसं उभी राहावीत. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं, आणि ते संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी सेवेसाठी तयारी दाखवली. विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ तिथून निघाली.

इथं हे सांगायचं कारण दोन गोष्टी. एक, ते पहाटे नाही, रात्री बसायचे. दोन, एकटे नाही बसायचे. भाऊ-बहीण. एकाला कंटाळा आला तर दुसरा हाक मारणार. शाहूपुरीताईंच्या प्रश्नात मला हीच जागा रिकामी दिसते.

आणि वचनधारी, आणखी एक. मराठीत नवा करार पहिल्यांदा छापला गेला तो सेरामपूरला, १८११ साली. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी पिढ्या बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या घरात स्वतःचं शास्त्र नव्हतं, अनेकांना वाचताही येत नव्हतं. कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हातात पुस्तक, समोर चहा, पंधरा मिनिटं एकांत, हे सगळं बरंच अलीकडचं आहे. चांगलं आहे, पण त्यावरून कुणाचा विश्वास मोजू नका.

वचनधारी

मोजत नाही हो. मान्य, आधीचा प्रतिसाद जरा करडा झाला. खरं सांगायचं तर मी चारला उठतो कारण मी एकटा राहतो. मंडळी (म्हणजे घरची) तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. चारला जाग येतेच, मग करायचं काय. ताई, तुमच्या घरातला गोंगाट मला चालेल एखादा दिवस.

जुनी_सिस्टर

दादा, रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला या. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते. नाही म्हणायचं नाही.

तांबडा_पांढरा

धागा हळवा होतोय म्हणून विचारतो. पाण्याच्या थेट पाईपलाईनसाठी आपल्या कोल्हापूरनं किती वर्षं काढली, आंदोलनं केली, निवडणुका गेल्या. तुम्हा लोकांकडे देवापर्यंत थेट पाईपलाईन पहिल्यापासून आहे म्हणता. मग प्रेशर का नाही?

पाळकाचा_पोरगा

लाईन आहे भावा. प्रत्येक घरात एकच माणूस मोटर लावतोय, तिथं अडलंय.

शाहूपुरीची_सून

सगळ्यांचे आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, भडंग मनाला लागलं, पण पटलं.

एक विनंती. अजून कुणी काढलेलं नाही, तरी आधीच सांगते, बायबलमधल्या मार्था-मरीया या बहिणींचं नाव काढू नका. माझ्या लग्नात पुस्तकं भेट आली त्यातल्या दोनात तेच होतं. मरीया प्रभूच्या पायाशी बसली, उत्तम. त्या दिवशी एवढ्या पाहुण्यांचा स्वयंपाक शेवटी कुणी केला ते कुठंच लिहिलेलं नाही.

जुनी_सिस्टर

काढते, रागव माझ्यावर. प्रभूनं मार्थेला स्वयंपाक टाकून ये असं म्हटलेलंच नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, एवढंच म्हणाला. आणि लूकाच्या शुभवर्तमानात नीट बघ, प्रभूला घरात मार्थेनंच घेतलंय. पण मार्थेनं मागितलं काय? माझ्या बहिणीला सांग, मला मदत कर. मागितलं तरी तिनं. तू मागितलंस का? घरात कुणाला?

शाहूपुरीची_सून

नाही.

डहाळी

(शांतता)

रंकाळ्यावर

मी आमच्या घरात विचारून आलो आत्ता. बायको म्हणाली, तुम्ही साडेपाचला रंकाळ्यावर असता तेव्हा दूध, पेपर, नातवाचा डबा कोण बघतं असं वाटतं तुम्हाला? चाळीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. उद्यापासून सोमवार-बुधवार-शुक्रवार ती फेरीला, मी डब्याला. नातू आत्तापासून रडतोय.

शाहूपुरीची_सून | शनिवार, सकाळी ११:१०

अपडेट द्यायला आले.

बुधवारी रात्री नवऱ्याला पाळकाच्या पोराचा तो आईवाला प्रतिसाद वाचायला दिला. काहीच बोलला नाही. मोबाईल परत दिला आणि पाठ करून झोपला. मला वाटलं, चिडला. गुरुवारी काही झालं नाही. शुक्रवारी पावणेपाचला गजर वाजला, माझा नाही, त्याचा. उठला आणि म्हणाला, तू बस, मी बघतो पाण्याचं.

आता बसायचं कुठं? पुढच्या खोलीत सासरे, आत पोरं. गच्चीच्या जिन्यावर बसले, चौथ्या पायरीवर, शाल गुंडाळून. जुनी वही काढली. शेवटची नोंद लग्नाच्या आदल्या आठवड्यातली, शाई पुसट झालेली, आणि मध्ये कुणाचं तरी वाळलेलं अबोलीचं फूल. ११७ वं स्तोत्र काढलं. वाचून झालं. मग काय करायचं तेच सुचेना. अकरा वर्षांनी समोरासमोर बसल्यावर अवघडल्यासारखं झालं, खरंच. म्हटलं, प्रभू, मी आलेय. एवढंच. पुढचं मला आठवत नाही, कारण भिंतीला डोकं टेकून मी गाढ झोपले.

जाग आली ती शेजारच्या काकूंच्या ओरडण्यानं. टाकी भरून गच्चीवरनं त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर धबधबा. नवरा खाली मोटरजवळ उभा, मोबाईल बघत.

उद्यमनगरी

युतुख पौलाचं बोलणं ऐकता ऐकता झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरनं पडला, प्रेषितांची कृत्ये २०. ताई, जिन्यावर बसू नका!

जुनी_सिस्टर

हसू नका रे. एलीया संदेष्टा झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूतानं त्याला उठवून भाकर दिली, आणि तो खाऊन परत झोपला, तरी रागावला नाही. तुझ्याकडे देवदूत नव्हता म्हणून पापडवाल्या काकू आल्या. किती वेळ बसली होतीस?

शाहूपुरीची_सून

जागी? सातेक मिनिटं.

जुनी_सिस्टर

पुष्कळ झाली. आणि सिग्नलचं तू विचारलं होतंस ना पहिल्यांदा, ते कुणी नीट सांगितलंच नाही. धर की तेही. फक्त हिरवा झाल्यावर डोळे उघडे ठेव.

पाळकाचा_पोरगा

पापडांचं काय झालं?

शाहूपुरीची_सून

उडदाचे होते, लगदा झाला. नवरा दोन किलो डाळ घेऊन काकूंकडे गेला होता माफी मागायला. आत्ता परत आलाय आणि मला विचारतोय, टाकी भरली हे तुला खालून कळतं कसं? आवाज बदलतो म्हटलं. आधी खळखळ असते, मग घुमल्यासारखं होतं, मग एकदम बारीक. त्याला पटेना. उद्या पाचला त्याच्याबरोबर उभी राहून ऐकवणार आहे.

तांबडा_पांढरा

म्हणजे उद्या एकांताला सुट्टी.

शाहूपुरीची_सून

उद्या रविवार. सोमवारपासून.